जॅकी कूगनची कमाई नेमकी कोणाची होती?

चॅप्लिनचा ‘द किड’ पाहिलाय का? पाहिला असेल तर तो ट्रकचा सीन डोक्यातून जाणं शक्य नाही. अनाथाश्रमाची माणसं येतात, पोराला उचलून उघड्या ट्रकमध्ये टाकतात, आणि ते एवढंसं पोर दोन्ही हात पसरून, तोंड वाकडं करून, हुंदके देत ट्रकमधल्या माणसाला विनवत राहतं, तिकडे चॅप्लिन छपरांवरून धावत ट्रक गाठतो आणि उडी मारून त्याला मिठीत घेतो. मी हा सीन किती वेळा पाहिला त्याला गणती नाही, दर वेळी आवंढा गिळावा लागतो. तो मुलगा म्हणजे जॅकी कूगन, हॉलिवूडचा पहिला मोठा बालस्टार, आणि आज मला त्याच्या पैशांबद्दल लिहायचंय.

पैशांबद्दल का, तर मी पोटापाण्यासाठी लोकांचे हिशोब आणि टॅक्स रिटर्न बघते, त्यामुळे जुन्या सिनेमांचं वेड असलं तरी कुठल्याही नटाचं आयुष्य वाचायला घेतलं की माझं लक्ष आपोआप कमावलं किती आणि गेलं कुठे इकडे वळतं. कूगनची केस सगळीकडे ‘आईने आणि सावत्र बापाने पोराचे पैसे खाल्ले’ एवढ्या एका वाक्यात सांगतात. ते खोटं नाही. पण मला वाटतं त्या एका वाक्यात खरी भयंकर गोष्ट निसटते, ती म्हणजे त्या वेळच्या कायद्याने बघितलं तर तिथे चोरी झालीच नव्हती.

आता सुरुवातीपासून सांगते. जॅकीचा जन्म २६ ऑक्टोबर १९१४, लॉस एंजेलिस. आईवडील दोघंही वॉडेव्हिलवाले, म्हणजे गावोगावच्या थिएटरांमध्ये नाच, गाणी, विनोद असे छोटे छोटे आयटम करणारी मंडळी. पोरगंही स्टेजवरच वाढलं. १९१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑर्फियम थिएटरमध्ये वडिलांचा आयटम चालू होता, शेवटी हे चार वर्षांचं पोर आलं, थोडं नाचलं, लोकांकडे बघून गेलं, आणि प्रेक्षकांत बसलेल्या चॅप्लिनच्या डोक्यात ते बसलं. पुढे त्याला कळलं की फॅटी आर्बकल या तेव्हाच्या विनोदी नटाने कूगनला साइन केलंय, तेव्हा तो भयंकर हळहळला, हा मुलगा आपल्याला का नाही सुचला म्हणून, आणि मग समजलं की आर्बकलने घेतलाय तो बाप कूगन, मुलगा मोकळाच आहे! चॅप्लिनने लगेच वडिलांना गाठलं. पगार ठरला आठवड्याला ७५ डॉलर. वडिलांनाही त्याच सिनेमात बारीकसारीक कामं मिळाली, म्हणजे बाप सेटवर हजरच असायचा.

आणि त्या ट्रकच्या सीनच्या वेळी नेमकं हेच उपयोगी पडलं. जॅकी त्या दिवशी मजेत होता, काही केल्या रडेना. चॅप्लिनला जमेना तेव्हा वडील म्हणाले मी बघतो, आणि त्यांनी पोराला बाजूला घेऊन सांगितलं की तू रडला नाहीस तर तुला इथून नेऊन खरोखरच्या अनाथालयासारख्या जागेत टाकतील. पोर असं काही रडायला लागलं की थांबेना. सीन झाल्यावर चॅप्लिनने त्याला जवळ घेऊन समजावलं की अरे मी तुला कुठे जाऊ दिलं नसतं, तर तो हळूच म्हणाला, मला माहीत होतं, बाबा उगीच तसं म्हणत होते. ही आठवण चॅप्लिननेच लिहून ठेवलीये. हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण सतरा-अठरा वर्षांनी याच मुलाच्या आईच्या बाजूने सांगितलं गेलं की त्याने काही काम केलंच नाही, कॅमेऱ्यासमोर तो नुसता खेळत होता.

सिनेमाचं शूटिंग जवळजवळ वर्षभर चाललं. जानेवारी १९२१ मध्ये न्यूयॉर्कला पहिला खेळ झाला आणि त्यानंतर जे काही झालं त्याला वेडच म्हणावं लागेल. ‘पेक्स बॅड बॉय’, मग ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ज्यात फेगिन म्हणून लॉन चेनी, मग ‘डॅडी’, ‘सर्कस डेज’, एकामागून एक. १९२३ मध्ये मेट्रो कंपनीने त्याला आपल्याकडे खेचायला नुसता सही करण्याचा बोनस म्हणून ५ लाख डॉलर दिले, पगार आणि नफ्यातला वाटा वेगळाच. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. त्याच्या नावाचं पीनट बटर, त्याच्या नावाच्या बाहुल्या, शिट्ट्या, वह्या-पेन्सिली, त्याचा तो कपाळावर केस कापलेला बॉब आणि मोठी तिरकी टोपी ही अमेरिकेतल्या घराघरात ओळखीची. १९२४ मध्ये आर्मेनियन आणि ग्रीक निर्वासित मुलांसाठी मदत गोळा करायला तो देशभर फिरला आणि मग जहाजाने युरोपात गेला, दहा लाख डॉलरच्या वर कपडे, अन्न आणि पैसा जमला, रोममध्ये पोपची भेट झाली. दहा वर्षांचं पोर! १९२७ मध्ये त्याचे ते प्रसिद्ध केस कापले तर त्याचाही सिनेमा निघाला, नावातच हजामत असलेला.

या सगळ्या काळात त्याच्या हातात काय यायचं? आठवड्याला ६.२५ डॉलर. खाऊचे पैसे. बाकी सगळं वडील बघायचे, जॅकी कूगन प्रॉडक्शन्स नावाची कंपनी काढलेली, आणि व्यवहार सांभाळायला आर्थर बर्नस्टीन नावाचा मॅनेजर. मुलाला पैशांची काळजी करायचं कारणच नव्हतं, आईबाप आहेत की. आपल्याकडेही कुठलं दहा वर्षांचं पोर घरात पासबुक मागतं? आणि मागितलं तर आपण त्याला काय म्हणू?

मोठा होत गेला तशी कामं कमी झाली, ते बहुतेक बालकलाकारांचं होतंच. बोलपट आल्यावर ‘टॉम सॉयर’ (१९३०) आणि ‘हकलबरी फिन’ (१९३१) केले, थोडं चाललं, मग कॉलेज. आणि मग ४ मे १९३५. वडील गाडी चालवत होते, मेक्सिकोतून शिकार करून सगळे परत येत होते, सॅन डिएगोच्या पूर्वेला पाइन व्हॅलीजवळच्या डोंगररस्त्यावर गाडी रस्ता सोडून खाली गेली. वडील गेले. ‘हकलबरी फिन’मध्ये हकचं काम करणारा त्याचा मित्र ज्युनियर डर्किन गेला, आणखी दोघं गेले. जॅकी एकटा वाचला. २१ वर्षांचा व्हायला, म्हणजे तेव्हाच्या कायद्याने सज्ञान व्हायला, सहा महिनेसुद्धा उरले नव्हते.

वडील गेल्यावर सगळं आईच्या, लिलियनच्या हातात आलं. तिने पुढे त्याच मॅनेजरशी, बर्नस्टीनशी लग्न केलं. जॅकी २१ चा झाला, काही नाही. २२ चा झाला, काही नाही. १९३७ मध्ये बेटी ग्रेबलशी लग्न केलं, ती तेव्हा अजून मोठी स्टार झाली नव्हती, घर चालवायचं तर पैसे हवेत, आणि ज्याच्या नावावर तीस-चाळीस लाख डॉलर कमावल्याची नोंद आहे तो माणूस स्वतःच्याच पैशांसाठी दार वाजवतोय. तेवढ्यात चॅप्लिनकडे मदत मागितली तर त्याने काही न विचारता हजार डॉलर काढून दिले.

एप्रिल १९३८ मध्ये त्याने आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला. मला या टप्प्यावर नेहमी थांबायला होतं, कारण आईवर केस करायची म्हणजे काय ते कुठल्याही देशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पेपरवाल्यांची तर चंगळ झाली. समोरून उत्तरं काय आली? एक, जॅकीला काही देऊ असं कोणी कधी कबूल केलंच नव्हतं. दोन, तो वाईट वळणाचा मुलगा होता. तीन, तो काम करत नव्हता, मजा करत होता, खेळत होता. आणि चौथं, बर्नस्टीनचं, ज्याच्यावर सगळी केस उभी होती: कायदा आमच्या बाजूने आहे, २१ वर्षांच्या आत मुलाने कमावलेली पै न पै आईबापांची असते.

आणि तो बरोबर होता! हेच तर. पैसे फरकोट, हिरे, महागड्या गाड्या यांत गेले हे जगजाहीर होतं, पण कॅलिफोर्नियाचा कायदा खरंच तसं म्हणत होता की अज्ञान मुलाची मजुरी ही पालकांची. आपण म्हणतो कुंपणानेच शेत खाल्लं, पण इथे सातबाराच कुंपणाच्या नावावर होता.

हा नियम कुठून आला तेही समजून घ्यायला हवं, नाहीतर कायदा करणारे सगळे राक्षस वाटतात. शेतात, कारखान्यात, दुकानात पोरं हाताखाली राबायची त्या काळातला तो नियम. मुलाला खाऊपिऊ घालायची जबाबदारी बापाची, तर मुलाने आणलेली चार नाणी पण घरातच जमा व्हायची. गरीब घरात पोराची मजुरी म्हणजे संध्याकाळची भाकरी, तिथे वेगळा हिशोब ठेवणार कोण आणि कशाला? पण सिनेमा आला आणि पहिल्यांदाच असं घडलं की घरातलं सगळ्यात लहान माणूस सगळ्यात जास्त कमावतंय, आणि आईबाप, मॅनेजर, नोकरचाकर असे सगळे त्याच्यावर जगताहेत. कोण कोणाला पोसतंय हेच उलटं झालं आणि नियम मात्र तोच राहिला.

निकाल काय लागला, तर शेवटी १९३९ मध्ये तडजोड. शोधून शोधून मालमत्ता उरलेली निघाली अडीच लाख डॉलरच्या आसपास आणि त्यातले अर्धे, साधारण १ लाख २६ हजार, जॅकीला मिळाले. माझ्या सवयीने मी भागाकार केला. ४० लाख धरले तर शंभरातले तीन, ३० लाख धरले तर चार. त्याच वर्षी बेटी ग्रेबलशी घटस्फोटही झाला.

पण बोभाटा एवढा झाला होता की कॅलिफोर्नियाने १९३९ मध्येच कायदा केला, त्याला लोक आजही कूगन अ‍ॅक्ट म्हणतात. आणि इथे बहुतेक लेख संपतात, त्याचं नुकसान झालं पण पुढच्या मुलांचं भलं झालं वगैरे. माझं दुखणं इथूनच सुरू होतं, कारण तो कायदा मी हिशोबनिसाच्या नजरेने वाचला तर तो भोकाभोकांचा आहे.

कसा ते बघा. अज्ञान मुलाने केलेला करार तो पुढे नाकारू शकतो, आता मी येत नाही म्हणू शकतो. स्टुडिओला ही भीती असायची, लाखो डॉलर घालून पोराला स्टार करायचं आणि ते हातातून जायचं. म्हणून स्टुडिओ करार कोर्टातून मंजूर करून घ्यायचे, एकदा न्यायाधीशाने मंजूर केला की मुलाला मागे फिरता येत नाही. कूगन कायदा याच प्रक्रियेला चिकटवला गेला: असा करार मंजुरीला आला तर न्यायाधीश म्हणू शकतो की निव्वळ कमाईतला अर्ध्यापर्यंतचा भाग मुलासाठी बाजूला ठेवा. म्हणू शकतो, म्हणायलाच हवं असं नाही. आणि करार कोर्टात आलाच नाही तर? मग काहीच नाही. एक-दोन दिवसांची कामं, छोटे रोल, जाहिराती, यांच्यासाठी कोण कोर्टात जाणार? म्हणजे मुलाचं संरक्षण स्टुडिओच्या गरजेवर टांगलेलं. आणि मूळ प्रश्न, पैसा कोणाचा, त्याला हातच लावला नाही. सातबारा होता तिथेच राहिला, फक्त काही शेतांना तारेचं दुसरं कुंपण घातलं.

शर्ली टेम्पलचंच बघा. तिने बालपणी ३२ लाख डॉलरच्या आसपास कमावले, आणि मोठी झाल्यावर कागद उघडले तेव्हा तिच्या वाट्याला ४४ हजार उरलेले. हे कूगन कायदा झाल्यानंतर कळलेलं. कूगनच्याच काळातली बेबी पेगी, तिचीही कमाई अशीच उडाली, तिने मोठेपणी डायना सेरा केरी या नावाने लिहायला घेतलं, बालकलाकारांची बाजू मांडली, कूगनचं चरित्रही लिहिलं. २०२० मध्ये १०१ वर्षांची होऊन गेली. या बाईबद्दल मला फार आदर आहे, कारण ती रडगाणं गात नाही, नीट नोंदी देते.

कॅलिफोर्नियाने कायदा खरा दुरुस्त केला तो १९९९ मध्ये, लागू झाला १ जानेवारी २००० पासून. साठ वर्षं लागली! त्यात पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं की मुलाने या धंद्यात कमावलेला पैसा हा मुलाचाच, पालकांचा नाही. आणि एकूण कमाईतले १५ टक्के थेट मालकाने, म्हणजे प्रॉडक्शन कंपनीने, मुलाच्या ट्रस्ट अकाउंटमध्ये भरायचे, १८ पूर्ण होईपर्यंत ते कोणालाही काढता येत नाहीत. करार कोर्टात जावो न जावो. लोक त्याला कूगन अकाउंटच म्हणतात. या दुरुस्तीत लोक १५ टक्क्यांबद्दल बोलतात, पण मला विचाराल तर खरं वाक्य ते मालकीचं आहे.

जॅकीचं काय झालं ते राहिलं. तो मोडून पडला नाही, हे मुद्दाम सांगते. मार्च १९४१ मध्ये आर्मीत भरती झाला, विमान चालवता यायचं म्हणून पुढे ग्लायडर पायलट झाला, आणि १९४३ च्या शेवटी त्याची तुकडी पाठवली कुठे तर आपल्याकडे, भारतात. आसाममधल्या लालाघाटच्या धावपट्टीवरून ५ मार्च १९४४ च्या रात्री ग्लायडर उडाले, एकेका डकोटा विमानाच्या मागे दोन दोन दोरीने बांधलेले, इंजिन नाही, आत ब्रिटिश सेनानी विंगेटचे चिंडिट म्हणवले जाणारे सैनिक, आणि उतरायचं ब्रह्मदेशच्या जंगलातल्या एका मोकळवनात, जपानी फौजेच्या पिछाडीला, अंधारात. मोकळवनात लाकडाचे ओंडके आणि चर पडलेले, कित्येक ग्लायडर उतरताना फुटले, माणसं गेली. त्या पहिल्या रात्रीच्या पायलटांत जॅकी कूगन होता, एकेकाळी जगातलं सगळ्यात लाडकं पोर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नकाशा काढून बसले होते.

नंतर मिळेल ते काम केलं, टीव्हीवर छोटे मोठे रोल, आणि १९६४ मध्ये ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ मधला टकला अंकल फेस्टर, तोंडात बल्ब धरून पेटवणारा. आताच्या लोकांना तो तसाच माहिती असतो, ट्रकमधलं ते पोर आणि हा एकच माणूस हे सांगितलं तर विश्वास बसत नाही. १ मार्च १९८४ ला सांता मोनिकात गेला.

आता आपल्याकडचं, कारण मी हे सगळं खणत बसले ते एका कामामुळेच. ओळखीतल्या एका घरातली मुलगी मालिकांमध्ये काम करते, नाव सांगत नाही. तिचं रिटर्न भरायला वडील आले, म्हणाले ताई, माझ्याच उत्पन्नात दाखवून टाका, घरचंच आहे. अगदी साधा, चांगला माणूस, मुलीला शूटिंगला नेण्या-आणण्यासाठी स्वतःची नोकरी सोडलेला. त्यांना मी सांगितलं की तसं करता येत नाही. अज्ञान मुलाचं एरवीचं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवतात, पण मुलाने स्वतःच्या कलेने, कौशल्याने कमावलेलं असेल तर ते मुलाचंच धरलं जातं, त्याचं स्वतःचं पॅन, स्वतःचं रिटर्न. मग विचारलं, एफडीची पावती कुठेय? ते म्हणाले कसली एफडी?

बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले, त्यात बालकलाकारांसाठी स्पष्ट तरतूद आहे. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, शूटिंगला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत फिक्स्ड डिपॉझिट, थेट जमा, मूल सज्ञान झाल्यावर त्याला मिळणारं. टक्केवारी कॅलिफोर्नियापेक्षा जास्तच आहे. पण ते वडील दोन वर्षं सेटवर बसले होते आणि त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी लपवलं नव्हतं, त्यांना खरंच वाटत होतं की पोर आपलं तर पैसेही आपलेच.

त्यांना मी जॅकी कूगनची गोष्ट सांगितली, जवळपास इथे लिहिली तशीच. ते ऐकत राहिले, ट्रकच्या सीनला बापाने काय केलं ते सांगताना मान खाली घातली. मग प्रॉडक्शनच्या माणसाला माझ्यासमोरच फोन लावला. तीन आठवड्यांनी पावतीची झेरॉक्स घेऊन आले, वर मुलीचं नाव, खाली ‘अज्ञान’ असं लिहिलेलं, मुदत तिच्या अठराव्या वाढदिवसानंतरची. मागच्या दोन वर्षांची रक्कम अजून यायचीये, त्याचं पत्र आम्ही दोघांनी बसून लिहिलंय.